इटालियन बरोक व्हायोलिन ऐकायचंय? सुरुवात इथून करा

विवाल्डीच्या 'फोर सीझन्स'मधला 'स्प्रिंग'चा पहिला भाग तुम्ही ऐकलेला आहे. नाव माहीत नसेल, पण हॉटेलच्या लॉबीत, एखाद्या कंपनीने फोन होल्डवर टाकला असताना, लग्नाच्या व्हिडिओखाली तो कानावर पडलेलाच असतो. बहुतेकांची इटालियन बरोक व्हायोलिनशी ओळख तिथे होते आणि तिथेच संपते. म्हणून पहिला सल्ला थोडा उफराटा देतो: महिनाभर विवाल्डी बाजूला ठेवा. आधी कोरेल्ली ऐका. मग विवाल्डीकडे वळलात की त्याने नेमकं काय धाडस केलं, ते कानाला आपोआप कळतं.

बरोक म्हणजे साधारण १६०० ते १७५० चा काळ. त्यातले बहुतेक नामवंत संगीतकार स्वतः पट्टीचे व्हायोलिनवादक होते. स्वतः वाजवण्यासाठी लिहायचे, आणि कागदावर अर्धंच लिहायचे. उरलेलं वाजवणाऱ्याने बसल्या जागी भरायचं, हे गृहीतच होतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत. छापलेले सूर आणि प्रत्यक्ष वाजलेले सूर यांच्यातलं अंतर ऐकू यायला लागलं की हे संगीत उलगडायला लागतं.

पहिली पायरी: एकच सोनाटा, पुन्हा पुन्हा

आर्कान्जेलो कोरेल्ली (१६५३–१७१३) फुसिन्यानो या लहान गावातला. बोलोन्यात शिकला आणि रोममध्ये नाव कमावलं. स्वीडनची राणी क्रिस्तिना, कार्डिनल पाम्फिली, कार्डिनल ओत्तोबोनी असे त्याचे आश्रयदाते. त्याचं छापील काम किती थोडं आहे पाहा: सहा ओपस, प्रत्येकात १२ रचना, एकूण ७२. ओपस म्हणजे प्रकाशनाचा क्रमांक. त्या काळी एका ओपसमध्ये बहुधा सहा किंवा बारा रचना एकत्र छापत. विवाल्डीने एकट्या कॉन्चेर्तोंचाच (एक वाद्य किंवा छोटा गट एकीकडे, वृंद दुसरीकडे, अशा रचनांचा) आकडा पाचशेच्या आसपास नेला, म्हणजे फरक लक्षात येईल.

तुम्ही ओपस ५ मधला पहिला सोनाटा लावा. सोनाटा म्हणजे इथे एक व्हायोलिन आणि खालची साथ यांसाठीची, अनेक भागांची रचना. हा संच १ जानेवारी १७०० या तारखेने रोममध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे शंभर वर्षं युरोपभर व्हायोलिन शिकणाऱ्यांच्या हातून तो सुटला नाही. सुरुवातीलाच एक संथ, भारदस्त ओळ येते. ती बसते न बसते तोच व्हायोलिन एकटं भरधाव सुटतं, आणि खाली खर्जातला एकच सूर धरून ठेवलेला असतो. मग पुन्हा संथ. पुन्हा धाव. दुसऱ्या भागात आणखी एक गंमत आहे. एका व्हायोलिनवर दोन तारांवर मिळून दोन वेगळे आवाज एकमेकांच्या मागे लागल्यासारखे चालतात. पहिल्यांदा ऐकताना दुसरं व्हायोलिन कुठे आहे, असाच प्रश्न पडतो. ते नाहीच.

कोरेल्लीचं संगीत शालीन, समतोल, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. कागदावर ते खरंही आहे. पण १७०९ मध्ये लंडनला छापलेल्या एका टिपणात त्याला प्रत्यक्ष पाहिलेला माणूस सांगतो की वाजवताना कोरेल्लीचे डोळे विस्तवासारखे लाल होत, चेहरा वेडावाकडा होई, बुबुळं फिरत. शालीनतेचा हा वादक कसा वाजवत असेल, याची कल्पना मनात ठेवूनच ऐका. मिळमिळीत वाजवलेला कोरेल्ली भेटला तर दोष कोरेल्लीचा नाही.

दुसरी पायरी: व्हायोलिन सोडून खालचं ऐका

नवख्या माणसाचा कान साहजिकच वरच्या सुरावटीला चिकटतो. एकदा मुद्दाम ते टाळा आणि तोच सोनाटा फक्त खालून ऐका. तिथे चेलो असेल, सोबत हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं कीबोर्ड वाद्य), ऑर्गन किंवा थिऑर्बो नावाचं लांब मानेचं वाद्य. या साथीला बासो कंटिन्युओ म्हणतात. छापील पानावर या मंडळींसाठी फक्त खर्जाची एक ओळ असते आणि तिच्या आजूबाजूला ६, ७, ४-३ असे आकडे. त्या आकड्यांवरून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ, कुठली हे कळतं. पण ती कशी उलगडायची, भरभरून की विरळ, हे वाजवणाराच ठरवतो. त्यामुळे एकाच सोनाट्याच्या दोन रेकॉर्डिंगमध्ये हार्प्सिकॉर्ड वेगळंच काही वाजवताना दिसलं तर कोणी चुकलेलं नाही.

आपल्याकडचं संगीत ऐकून तयार झालेल्या कानाला इथे थोडा त्रास होतो, कारण आपला षड्ज जागचा हलत नाही. इथे खर्ज सारखा सरकत असतो, आणि वरचा तोच सूर खाली काय चाललंय त्यावरून कधी निवांत, कधी अस्वस्थ वाटतो. आठवडाभर खालच्या ओळीकडे लक्ष देऊन ऐकलं तरी कान वळायला लागतो.

तिसरी पायरी: संथ भाग दोन जणांकडून ऐका

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. ओपस ५ मधले संथ भाग छापील पानावर फारच उघडेबोडके दिसतात: लांब लांब सूर, मधे मोकळी जागा. बंदिशीचे शब्द आणि स्वर वहीत उतरवून घेतले म्हणजे ख्याल हाती आला असं होत नाही. तसंच हे पान. आम्स्टरडॅमचा प्रकाशक एस्तिएन रोझे याने १७१० च्या सुमारास याच सोनाट्यांची एक आवृत्ती काढली आणि त्यात संथ भागांवर भरजरी अलंकरण छापलं. हे खुद्द कोरेल्ली वाजवतो तसंच आहे, असा त्याचा दावा. त्यावर तेव्हाच शंका घेतल्या गेल्या, पण त्या पिढीचे वादक काय करत होते याचा तो चांगला पुरावा आहे. दोन सुरांच्या मधली रिकामी जागा वीस-वीस बारीक सुरांच्या लडींनी भरलेली दिसते.

आयएमएसएलपी या मोफत संकेतस्थळावर हे जुने छाप पाहायला मिळतात. स्वरलिपी वाचता येत नसली तरी साधं आणि सजवलेलं पान शेजारी ठेवून नुसतं बघा, शाईच्या दाटीवरूनच कळतं. मग एन्रिको गात्तींचं आणि अँड्र्यू मँझ यांचं, अशी दोन रेकॉर्डिंग घ्या आणि एकच संथ भाग दोन्हींत ऐका. कोण कुठे थांबतो, कोण कुठे जादा सूर घालतो, पुनरावृत्तीत काय बदलतो, हे टिपून ठेवलं तर उत्तमच.

चौथी पायरी: 'फोलिया'

त्याच संचातला शेवटचा, बारावा सोनाटा म्हणजे 'ला फोलिया'. फोलिया ही कोरेल्लीची धून नाही. कोरेल्लीच्या आधीपासून आयबेरियन मुलुखातून युरोपभर फिरत असलेली ती एक चाल. जेमतेम सोळा मात्रा-गटांची, गंभीर, डी मायनर या स्वरपट्टीत. कोरेल्ली ती एकदा सांगतो आणि मग एकामागून एक वीसहून जास्त रूपं दाखवतो. यातला प्रत्येक तुकडा गजाच्या हाताचा एकेक धडा आहे. कुठे तारेवरून तारेवर उड्या, कुठे गज न उचलता ओढलेले सूर, कुठे चेलो पळतोय आणि व्हायोलिन नुसते ठोके देतंय, कुठे दोन्ही एकमेकांना उत्तरं देतायत.

सलग ऐकून मन भरलं की विवाल्डीच्या ओपस १ मधला बारावा सोनाटा लावा. तीच चाल, दोन व्हायोलिनांसाठी. तरुण विवाल्डी कोरेल्लीच्या संचाकडे बघूनच आपल्या पहिल्या संचाचा शेवट फोलियाने करतोय, हे उघड आहे. त्यानंतर लूक्काचा फ्रान्चेस्को जेमिनियानी. याने लंडनमध्ये बस्तान बसवल्यावर कोरेल्लीचा अख्खा ओपस ५ वाद्यवृंदासाठी नव्याने मांडला, त्यात फोलियाही आली. तीन फोलिया एका संध्याकाळी ऐकल्यात तर तीन माणसांचे स्वभाव कळतील. मला स्वतःला जेमिनियानीची जास्त रंगते. बरेच जाणकार याला मान डोलावणार नाहीत.

पाचवी पायरी: वाद्याकडे बघा

इथे थोडक्यात. तुम्हाला दोन प्रकारची रेकॉर्डिंग सापडतील. १९५० च्या दशकातली 'इ मुसिची' सारख्या वृंदांची आधुनिक वाद्यांवरची, गोड आणि गुबगुबीत. आणि गेल्या चार-पाच दशकांतली, जुन्या घडणीच्या वाद्यांवरची. दुसऱ्या प्रकारात तारा मेंढीच्या आतड्याच्या असतात, स्टीलच्या नाहीत. गज हलका आणि बाहेरच्या बाजूला किंचित फुगलेला. हनुवटीखालची चिनरेस्ट नसते, कारण ती आली १८२० च्या सुमारास. जेमिनियानी आपल्या १७५१ च्या वादन-पुस्तकात व्हायोलिन गळपट्टीच्या हाडाच्या जरा खाली टेकवायला सांगतो. आपल्याकडे मांडी घालून, वाद्याचं टोक घोट्याशी टेकवून वाजवणारे वादक पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. पट्टीही बऱ्याचदा आजच्यापेक्षा अर्ध्या स्वराने खाली लावलेली असते, त्यामुळे सोबत गिटार किंवा कीबोर्ड घेऊन बसाल तर सूर जुळणार नाहीत.

तातीच्या, म्हणजे आतड्याच्या, तारेला किंचित खरखर असते. पहिल्या दोन दिवसांत ती खटकते. टिकून राहा, कारण गजाने सूर 'उच्चारणं' या तारांवरच स्पष्ट कळतं.

सहावी पायरी: आता विवाल्डी

सोनाट्याकडून कॉन्चेर्तोकडे जाताना मधे कोरेल्लीचा ओपस ६ ऐका, निदान आठव्या क्रमांकाचा 'ख्रिसमस कॉन्चेर्तो'. तो कोरेल्लीच्या मृत्यूनंतर १७१४ मध्ये छापला गेला. दोन व्हायोलिन आणि चेलो असा छोटा गट एकीकडे, बाकीचा वृंद दुसरीकडे. संभाषण या दोघांत. शेवटचा भाग नाताळात रोममध्ये उतरणाऱ्या मेंढपाळांच्या पुंगीसारखा आहे, खाली सूर धरून ठेवलेला. बोलोन्याच्या जुझेप्पे तोरेल्लीने मग एकाच व्हायोलिनला पुढे काढायला सुरुवात केली, आणि त्या वाटेचा राजमार्ग केला आंतोनियो विवाल्डीने (१६७८–१७४१).

व्हेनिसचा हा लाल केसांचा पाद्री १७०३ मध्ये ओस्पेदाले देल्ला पिएता या अनाथाश्रमात व्हायोलिन शिकवायला लागला. तिथल्या मुली जाळीच्या आडून वाजवत आणि त्यांना ऐकायला परदेशी पाहुणे येत. आन्ना मारिया ही त्यांतली सर्वांत गाजलेली. तिच्यासाठी विवाल्डीने लिहिलेले कॉन्चेर्तो आजही वाजतात. विवाल्डीचा साचा समजायला सोपा आहे. अख्खा वृंद एक ठसठशीत ओळ म्हणतो, मग एकटं व्हायोलिन मोकाट सुटतं, मग ओळ पुन्हा येते, पण दुसऱ्या स्वरातून. ओळ कधी परत येते एवढंच बोटांवर मोजत ऐका. १७११ मध्ये आम्स्टरडॅमला छापलेला 'लेस्त्रो आर्मोनिको' हा ओपस ३ इथे घ्या. जर्मनीत बसून बाख या संगीतकाराने यातले काही कॉन्चेर्तो कीबोर्डसाठी उतरवून घेतले. चार व्हायोलिनांचा दहावा कॉन्चेर्तो त्याच्या हातून चार हार्प्सिकॉर्डचा झाला.

विवाल्डी स्वतः कसा वाजवायचा? फ्रँकफर्टचा उफेनबाख नावाचा प्रवासी फेब्रुवारी १७१५ मध्ये व्हेनिसच्या सांत आंजेलो नाट्यगृहात होता. त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय की शेवटी विवाल्डीने जी स्वैर फेक केली तिने आपण घाबरूनच गेलो. बोटं घोडीच्या इतकी जवळ गेली की मधे गजाला जागा उरेना, आणि हे चारही तारांवर, अशक्य वेगात. आणि पुढे तो प्रांजळपणे म्हणतो की कौशल्य अचाट, पण ऐकायला गोड वाटलं असं म्हणवत नाही. त्या उड्डाणाचा अंदाज घ्यायचा असेल तर 'ग्रोस्सो मोगुल' हा कॉन्चेर्तो शोधा. नाव हिंदुस्थानच्या मोगल बादशहाचं, पण सुरावटीत आपल्याकडचं काही शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. त्याच्या जुन्या हस्तलिखितांत एकट्याने वाजवायची लांबलचक कॅडेन्झा लिहिलेली सापडते, म्हणजे एरवी हवेत विरून गेलेली गोष्ट इथे कागदावर राहिली आहे. मधला संथ भाग तर गाण्याऐवजी बोलल्यासारखाच आहे.

आता कुठे 'फोर सीझन्स' लावा. १७२५ मध्ये छापलेल्या ओपस ८ मधले हे पहिले चार कॉन्चेर्तो. प्रत्येकासोबत एक सुनीत छापलं होतं आणि सुनीताची कुठली ओळ कुठे वाजते हे दाखवायला वाद्यलिपीत अक्षरं टाकली होती. सुनीताचा मजकूर इंटरनेटवर सहज मिळतो; तो समोर ठेवा. 'स्प्रिंग'चा दुसरा भाग घ्या. धनगर झोपलाय, ते एकल व्हायोलिन. पानांची सळसळ म्हणजे बाकीची व्हायोलिनं. आणि व्हायोला दोन-दोन ठोक्यांत भुंकणारा कुत्रा करतोय. तिथे विवाल्डीची सूचनाच आहे की हे कायम खूप जोरात आणि ओरबाडून वाजवावं. बरेच सभ्य वृंद इथे कुत्र्याला गप्प बसवतात. इल जार्दिनो आर्मोनिको किंवा फाबियो बियोंदींचा एउरोपा गालान्ते ऐका, तिथे तो नीट भुंकतो. जुल्यानो कार्मिन्योलांचं रेकॉर्डिंगही घ्या. 'समर'च्या शेवटच्या वादळासाठी तर नक्कीच.

सातवी पायरी: दोन्ही बाजूंना हात-पाय पसरा

इथून मागे गेलात तर सतराव्या शतकाची सुरुवात भेटेल. हे संगीत अजून घडी न बसलेलं, म्हणून लहरी आणि मजेदार. मान्तुआचा कार्लो फारिना ड्रेस्डेनमध्ये नोकरीला होता. त्याच्या १६२७ च्या 'काप्रिच्चो स्त्रावागान्ते' मध्ये कोंबडी, मांजर, कुत्रा सगळे हजर आहेत, आणि गजाच्या लाकडी बाजूने तारेवर ठोकायची सूचनासुद्धा. ब्रेशाचा बियाजो मारिनी आणि व्हेनिसचा दारिओ कास्तेल्लो या दोघांचे सोनाटे छोटे असतात, पण दर मिनिटाला मूड पालटतो. मुलांना सोबत घेऊन ऐकायचं असेल तर फारिनापासूनच सुरू करा.

पुढे गेलात तर कसरतीची स्पर्धा लागलेली दिसेल. फ्लॉरेन्सचा वेराचिनी भलताच तऱ्हेवाईक. १७२२ मध्ये ड्रेस्डेनला त्याने वरच्या मजल्याच्या खिडकीतून उडी मारली. का मारली यावर वेगवेगळ्या कहाण्या आहेत. १७१६ मध्ये व्हेनिसमध्ये त्याचा गज ऐकून जुझेप्पे तार्तिनी (१६९२–१७७०) इतका हादरला की स्वतःचा हात सुधारायला आंकोनाला जाऊन बसला, असं सांगतात. तार्तिनी जन्मला पिरानोत, जे आज स्लोव्हेनियात आहे. पुढे पादुआला स्थायिक होऊन त्याने इतके परदेशी शिष्य तयार केले की त्याच्या शाळेला 'राष्ट्रांची शाळा' म्हणत. त्याचं मद्दालेना लोम्बार्दिनी या शिष्येला १७६० मध्ये लिहिलेलं पत्र व्हायोलिन शिकणाऱ्या कुणीही जरूर वाचावं. रियाज कसा करायचा ते त्यात पायरीपायरीने सांगितलंय: आधी गज, मोकळ्या तारेवर एक लांब सूर, अगदी बारीक सुरू करून वाढवत न्यायचा आणि परत बारीक करायचा.

बर्गामोचा पिएत्रो लोकातेल्ली शेवटी ठेवा. १७३३ च्या त्याच्या 'लार्ते देल व्हायोलिनो' मध्ये १२ कॉन्चेर्तो आणि त्यांत एकट्या व्हायोलिनसाठी २४ काप्रिच्ची, म्हणजे कसरतीचे स्वैर तुकडे, आहेत. पुढच्या काळातला गाजलेला वादक पागानिनी याच्या २४ काप्रिच्चींचं मूळ इथे आहे. बाराव्या कॉन्चेर्तोचं नाव 'चक्रव्यूह', आणि वर शेरा: शिरायला सोपं, बाहेर पडायला अवघड. खरं सांगायचं तर यातलं काही काही संगीत म्हणून रुक्षच आहे, पण वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताचे हाल पाहायला मजा येते.

फसवे दगड

चार ठिकाणी नवखे हमखास अडकतात. 'आल्बिनोनीचा आदाजो' हा व्हेनिसचा बरोक संगीतकार आल्बिनोनी याचा नाही. रेमो जाझोत्तो या विसाव्या शतकातल्या अभ्यासकाचा, १९५८ मध्ये छापलेला. आल्बिनोनीचे खरे कॉन्चेर्तो वेगळे आणि ऐकण्यासारखे आहेत. 'विताली शाकोन' हे नाटकी, रडवणारं प्रकरण १८६७ मध्ये छापून आलं. ते विताली या बरोक काळातल्या संगीतकार बाप-लेकांपैकी कुणाचं तरी आहे का, यावरच वाद आहे. विसाव्या शतकातला व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्रायस्लर मैफलींत पुन्यानी, विवाल्डी अशा जुन्या संगीतकारांच्या नावावर जे तुकडे वाजवायचा, ते आपणच लिहिलेत अशी कबुली त्याने १९३५ मध्ये दिली. आणि तार्तिनीचा 'डेव्हिल्स ट्रिल' सोनाटा अगदी अस्सल आहे, पण पलंगाच्या पायथ्याशी बसून सैतानाने तो वाजवून दाखवल्याची गोष्ट तार्तिनीने म्हातारपणी एका फ्रेंच प्रवाशाला सांगितली. स्वप्न म्हणे १७१३ चं. संगीताची शैली मात्र बरीच नंतरची वाटते. गोष्ट विसरून शेवटच्या भागात ट्रिल शोधा: एका तारेवर सूर थरथरत राहतो आणि त्याच हाताची उरलेली बोटं दुसऱ्या तारेवर धून वाजवतात.

शोधताना

विवाल्डीच्या रचना आरव्ही क्रमांकाने (त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) शोधा, कारण एकाच नावाचे, एकाच स्वरातले त्याचे डझनभर कॉन्चेर्तो आहेत. 'ग्रोस्सो मोगुल' म्हणजे आरव्ही २०८. कोरेल्लीसाठी ओपस आणि क्रमांक पुरतो. प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचं वेळापत्रक बघत राहा. बाहेरून येणारे छोटे वृंद बरोक वाजवतात. गोव्यात चर्च आणि तिथल्या संगीतशाळांमुळे व्हायोलिन पिढ्यान्‌पिढ्या घरात आहे, तेव्हा नाताळच्या सुमारास तिकडे असाल तर चर्चमधल्या मैफलींची चौकशी करा. घरात कुणी सुझुकी या शिक्षणपद्धतीच्या पुस्तकांवरून व्हायोलिन शिकत असेल तर आणखी सोपं. त्यांच्या चौथ्या पुस्तकात विवाल्डीचा ए मायनर कॉन्चेर्तो येतो, सहाव्यात 'फोलिया'. पोराला किंवा पोरीला आधी नुसता छापलेला सूर वाजवायला सांगा, मग म्हणा, आता मधल्या जागा तू भर.